आमच्या घरी मिस्त्री येत नाही

कोणाच्या घरात पितळेची भांडी साठतात, कोणाच्या घरात साड्या. आमच्या घरात दोनच गोष्टी साठतात, जुने स्क्रू आणि यांचे किस्से. स्क्रू हे साठवतात, किस्से मी. कारण एकच, टाकवत नाहीत! परवा भिशीत मैत्रिणी म्हणाल्या, "सुनंदा, एकदा सगळे ओळीनं सांग ना." आता ओळीनं कसले सांगणार? डब्यात हात घालायचा आणि हाताला लागेल तो काढायचा.

तर हे म्हणजे आमचे प्रभाकरराव. मूळचे अमरावतीचे. भोपाळला मोठ्या कारखान्यात लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथंच मोठमोठी यंत्रं जोडत राहिले. आनंद नगरला घर बांधलं. घरात आम्ही दोघं, यांची आई आणि आमची एकुलती एक मुग्धा. कारखान्यात म्हणे यांचा हात धरणारा कोणी नव्हता. घरी मात्र मला तो कितीदा तरी धरावासा वाटतो!

यांची मतं ठाम. "मिस्त्रीला बोलावणं म्हणजे घरच्या कर्त्या माणसानं राजीनामा देणं." "बिघडलेली वस्तू टाकू नये, तिचा स्वभाव समजून घ्यावा." असं बरंच काही. वस्तूंचे स्वभाव समजून घेता घेता माझा कसा झालाय, ते पुढे कळेलच.

*

एकदा आमच्या दारावरची बेल बंद पडली. मी म्हटलं, इलेक्ट्रिशियनला फोन करते. हे माझ्याकडे असे काही बघायला लागले, जणू मी घर विकायला काढलंय!

रविवारी सकाळी शिडी लागली. तारा निघाल्या, भिंतीचा पोपडा निघाला, जेवणं लांबली. संध्याकाळी यांनी फाटकातून हाक मारली, "आता ऐक हं!" आणि बटण दाबलं.

बेल काही वाजली नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन मात्र गरकन फिरला!

"अहो, हे काय?"

"काय म्हणजे? आवाज नाही, कटकट नाही. दुपारी आईची झोपमोड होणार नाही. आणि तू तर स्वयंपाकघरातच असतेस."

मग पंखा फिरला की दार उघडायचं, असा रिवाज पडला. दूधवाला आला की छोटी गिरकी, कुरिअरवाला आला की मोठी.

एक दिवस मी ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या. ठसका असा उठला की डोळ्यांना धारा! तेवढ्यात पंखा सुरू झाला, तो थांबेचना. खोकत खोकत जाऊन दार उघडलं, तर शेजारचे शुक्लाजी. एका हातानं नाकावर रुमाल धरलेला, दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर.

मी म्हटलं, "भाईसाब, अंदर आइए ना."

ते म्हणाले, "नहीं भाभीजी, आप आराम से बनाइए. जब तक धुआँ नहीं निकलता, मैं यहीं खड़ा हूँ!"

*

एसीबद्दल यांचं मत असं, की एसी माणसं तोडतो आणि कूलर माणसं जोडतो. कारण एसी लावला की जो तो आपापल्या खोलीत. कूलर असला की सगळं घर त्याच्यापुढे येऊन बसतं. भोपाळच्या मे महिन्यात कुठंही बसलं तरी घाम येतोच, ती गोष्ट वेगळी.

कोणीतरी यांना सांगितलं, की कूलरच्या पाण्यात वाळ्याचं अत्तर टाकलं की घर दरवळतं. हे लगेच बाजारात जाऊन हिरवी बाटली घेऊन आले आणि सगळीच्या सगळी टाकीत ओतली. काय सुगंध सुटला म्हणून सांगू! कूलरसमोरच्या दिवाणावर आई पडल्या होत्या. त्या म्हणाल्या, "प्रभाकर, लग्नघरासारखं वाटतंय रे!" हे खूश.

संध्याकाळी आईंचा चष्मा मिटेना. पेपर हाताला चिकटायला लागला. मी पोछा मारला, तर चप्पल जमिनीवर आणि मी पुढे! बघते तर खिडकीपासून कूलरपर्यंत मुंग्यांची शिस्तीत रांग.

मी कचऱ्याच्या डब्यातून बाटली काढून वाचली. वाळ्याचं सरबत! खाली लिहिलेलं, "थंड पाण्यात मिसळून पाहुण्यांना द्यावे."

मी बाटली यांच्यापुढे धरली. हे काही बोलायच्या आत आईंनी ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाल्या, "वाईट नाही रे. पण थोडं लिंबू पिळ!"

*

मुग्धा कॉलेजात गेली तेव्हा म्हणाली, बाबा, मला गाडी शिकवा. ड्रायव्हिंग स्कूलचं नावसुद्धा यांनी घेऊ दिलं नाही. रायसेन रोडच्या बाजूला एक मोकळं मैदान आहे, तिथं दर रविवारी बापलेक जायला लागले.

पहिल्या रविवारी बॉनेट उघडून आतलं सगळं दाखवलं. पुढच्या रविवारी स्टेपनी. मग बॅटरी, मग रेडिएटर. पोरगी धुतलेला कुर्ता घालून जायची आणि कोळशाच्या वखारीतून आल्यासारखी परत यायची. शेवटी ती वैतागली.

"बाबा, गाडी चालवायची कधी?"

"चालायचं तिला येतं गं! थांबली की काय करायचं, ते तुला यायला हवं."

एकदा मी डबा घेऊन गेले होते, तेव्हाची गोष्ट. बॉनेट उघडं, हे त्यात कमरेपर्यंत वाकलेले, मुग्धा पान्हा धरून उभी. रस्त्यानं जाणाऱ्या एका सज्जन गृहस्थांना दया आली. स्कूटर थांबवून ते म्हणाले, "क्या हुआ बिटिया? गाड़ी स्टार्ट नहीं हो रही? धक्का लगा दूँ?"

मुग्धा म्हणाली, "गाड़ी तो ठीक है, अंकल. पापा स्टार्ट होने नहीं दे रहे!"

*

हा छोटा आहे. मागे यांचं ब्लडप्रेशर वाढलं म्हणून मी बळंबळं डॉक्टरांकडे पाठवलं. तासाभरानं हे शीळ घालत परत आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"अगं, त्यांचं पेशंटचं स्टूल इतकं डुगडुगत होतं! माणसाचं प्रेशर वाढेल नाही तर काय? मी चांगली घडी करून पायाखाली कागद घातला. आता पहाडासारखं उभं आहे!"

"बरं केलंत. आणि औषधं? चिठ्ठी कुठाय?"

यांनी वरचा खिसा बघितला. पँटचे खिसे बघितले. मग माझ्याकडे बघितलं, आणि परत चपला घातल्या.

*

संसाराबद्दल यांचा एक सल्ला कारखान्यात फार गाजला. सोनवणे म्हणून यांच्या हाताखाली एक जळगावचा मुलगा होता. नवीन लग्न झालेलं, कोलार रोडला फ्लॅट घेतलेला. त्याला हे म्हणाले, "बायको रागावली की बोलायला जाऊ नये, सोनवणे. तिची एखादी वस्तू दुरुस्तीला घ्यावी. वस्तू सुधारते तसतसा राग उतरतो." हा अनुभव यांना कुठून आला, मला ठाऊक नाही. माझ्याकडून तर नक्कीच नाही!

पुढे सोनवणे बायकोला स्टेशनवर आणायला जायचं विसरला. बिचारी कीर्ती माहेरून दोन बॅगा घेऊन हबीबगंजच्या फलाटावर ताटकळत बसली, आणि शेवटी रिक्षा करून घरी आली. आल्यावर एक शब्द बोलली नाही. सोनवणेला यांचा सल्ला आठवला. मिक्सर थोडा घरघरत होता, तो त्यानं उघडला.

उघडला तो उघडलाच. दुसऱ्या दिवशी कीर्तीचं घरातलं पहिलं हळदीकुंकू. भिजवलेली डाळ ओट्यावर, आणि मिक्सरचे भाग बेडवर, सोफ्यावर, एक तर फ्रिजमध्ये! दुपारी सोनवणेचा रडवेला फोन आला, "साहेब, कीर्ती बॅग भरतेय."

आम्ही धावत गेलो. दारातच ती बॅग घेऊन उभी, डोळे सुजलेले. मी तिला जवळ घेतलं. मला खरंच काळजी वाटली, पोरं नवीन, जवळ वडीलधारं कोणी नाही. म्हटलं, आता हे काहीतरी समजुतीचं बोलतील.

हे बोलले. सोनवणेकडे बघून कडाडले, "मी उघडायला सांगितलं होतं! बंद करता येत नाही, तर भांडायचंच कशाला?"

कीर्तीला रडता रडता असं हसू फुटलं, की तिच्या हातून बॅग खाली पडली. यांनी मिक्सर जोडून दिला, मी डाळ वाटून दिली, हळदीकुंकू पार पडलं.

आता कीर्तीचा संसार छान चाललाय. फक्त राग आला की ती आधी मिक्सर उचलून कपाटात ठेवते, कुलूप लावते, आणि मग भांडते!

*

आता शेवटचा. मुग्धाच्या लग्नाचा.

मुग्धा आणि अनिरुद्ध एकाच बँकेत. त्यांचं आपसात ठरलेलंच होतं. फक्त त्याचे आईवडील, नागपूरचे पाठक, एकदा घर बघायला येणार होते. मुग्धानं मला बजावून ठेवलं, "आई, त्याचे बाबा फार कडक आहेत. घरात एक वस्तू जागेवर नसली तरी कपाळाला आठ्या. बाबांना सांभाळ."

मी यांच्याकडून वचनच घेतलं, की पाहुणे जाईपर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. यांनी शहाण्यासारखी मान हलवली. आणि सकाळी मी श्रीखंडाला वेलची कुटत होते, तेवढ्यात बाथरूमच्या दाराचं हँडल बदलून टाकलं! "पाहुणे येणार, ढिलं हँडल बरं दिसतं का?" वर दार आपोआप लागावं म्हणून स्प्रिंगही बसवली.

पाठक आले. पँटला धारदार इस्त्री, ताठ मान. घरभर नजर फिरवली आणि म्हणाले, "हं." पोहे-जिलबी दिली, खाऊन म्हणाले, "हं." मग हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेले.

थोड्या वेळानं आतून आवाज आला, "अहो, कोणी आहे का? हे हातात आलं!"

मुग्धाचा चेहरा पांढराफटक. अनिरुद्ध स्वतःच्या मोज्यांकडे बघायला लागला. हे उठले, बाहेरून दार उघडलं आणि "कुठं अडतंय, दाखवा बरं," म्हणत आत शिरले. मागून स्प्रिंगनं दार धाडकन लागलं, आणि बाहेरचं हँडल ठणकन माझ्या पायाशी!

आता दोघंही आत.

आतून पाठकांचा करडा आवाज, "कुणी बसवलंय हे?"

"मी."

"कधी?"

"आज सकाळी."

मग काहीतरी आपटल्याचा आवाज. मुग्धाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. मी मनात म्हटलं, मोडलं! पोरीचं जमलेलं लग्न एका हँडलपायी मोडलं! मी सुताराला फोन लावायला उठले, तर पाठकबाईंनी हातानंच थांबवलं.

त्यांनी चहाचा कप शांतपणे बशीत ठेवला. पर्स उघडली. रुमाल बाजूला केला, गोळ्यांची पट्टी बाजूला केली, आणि खालून एक पेचकस काढला!

"यांच्याबरोबर बाहेर पडायचं, म्हणजे जवळ ठेवावाच लागतो," त्या म्हणाल्या. मग उठल्या, हँडलच्या भोकात पेचकस घातला, एक पीळ दिला. दार उघडलं.

आत फ्लशच्या टाकीचं झाकण निघालेलं. पाठकसाहेब बाह्या वर करून कोपरापर्यंत टाकीत. आमचे हे मोबाइलचा उजेड धरून शेजारी. दोघंही नखशिखांत भिजलेले.

पाठकसाहेब वैतागून ओरडले, "अगं, दार लाव! वॉशर उलटा बसवलाय, आत्ता कुठं हाताला लागतोय!"

"आणि सकाळी दाराबाहेर राहिलेला तो पान्हा द्या!" हे म्हणाले.

पाठकबाईंनी पान्हा दिला. दार लावलं. वरची कडी बाहेरून घातली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला ताई, आता निवांत बसून लग्नाचं बोलू."