चहाअगोदर एक

ती घटना मला रोज सकाळी आठवते, आणि तीही चहाच्या आधी. निवृत्त झाल्यावर माणसाला खून-दरोडे आठवावेत, तर मला आठवतो एक दवाखाना.

तेव्हा मी जोगेश्वरी पूर्वेच्या एका पोलीस ठाण्यात गुन्हे निरीक्षक होतो. एके दिवशी टपालात निनावी अर्ज आला. निनावी अर्ज आमच्याकडे रोजचेच. निम्मे भाऊबंदकीचे, उरलेले पार्किंगचे. या अर्जात मात्र लिहिले होते की टेकडीच्या उतारावरच्या वस्तीत एका दवाखान्यावर मयत डॉक्टरांची पाटी आहे आणि आत एक बाई बसते. ती बोगस आहे, तिला सुईसुद्धा देता येत नाही, लोकांच्या जिवाशी खेळ चालला आहे. वेळाही दिल्या होत्या. 'सदर बाई चहाअगोदर येते व जेवणानंतर निघून जाते.'

हवालदाराला पाठवून खात्री केली. पाटीचे म्हणणे खरे निघाले. जुने डॉक्टर करोनाच्या काळात गेले होते आणि पाटीवर अजून त्यांचेच नाव, त्यांचाच नोंदणी क्रमांक होता.

आमचे वरिष्ठ म्हणाले, "पाटी मेलेल्या माणसाची, बसते दुसरीच. अजून काय पाहिजे तुला? महापालिकेचा मेडिकल ऑफिसर घे आणि पाटीसकट उचल."

ते चुकीचे बोलत नव्हते. ती बाई बोगस असेल, तर तिथे जाणाऱ्या प्रत्येक रोग्याचा जीव धोक्यात होता. पण खरी डॉक्टर असेल तर? 'बोगस डॉक्टर पकडली' हा व्हिडिओ एकदा मोबाइलवर फिरला की कोर्टाने नंतर निर्दोष सोडून काही उपयोग नसतो. तिचा दवाखाना कायमचा संपला असता. मी आठ दिवस मागून घेतले, वैद्यक परिषदेला चौकशीचे पत्र धाडले आणि स्वतः वस्तीत गेलो.

दवाखान्यासमोरच्या ओट्यावर एक मालवणी आजी मिरच्यांची देठे काढत बसल्या होत्या. मी विचारले, "आजी, इथली डॉक्टरीण कशी आहे?"

"कसली डॉक्टरीण!" आजींनी देठ भिरकावले. "जुनो डॉक्टर सुई मारी नि सांजेक ताप गायब. ह्या नुसता इचारता. काय खाल्लंस, झोप लागता काय, घरात कोण खोकता काय. सुई देणा नाय. सुई नाय तर डॉक्टर कसली?"

"मग तुम्ही काय करता?"

"आमची सोय आसा," आजी हसल्या आणि पुन्हा मिरच्यांकडे वळल्या. ही सोय कसली, ते मी विचारायला हवे होते. विचारले नाही. तपासात अशी एखादी चूक होतेच.

दुसऱ्या दिवशी साध्या वेषात रोगी म्हणून गेलो. खोटे नाव सांगितले, डोकेदुखीही खोटीच सांगितली; मोबाइल नंबर तेवढा खरा दिला. तिशीतली डॉक्टर. तिने माझे सगळे ऐकून घेतले, दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजला, पाच मिनिटे बसवून पुन्हा मोजला. वरचा आकडा एकशे ऐंशी.

मी म्हणालो, "एक सुई द्या ना मॅडम. कामावर जायचंय."

"सुईची गरज नाही. रोजची गोळी घ्यावी लागेल. रक्त तपासून घ्या आणि तीन दिवसांनी दाखवायला या. नक्की या हं."

मला वाटले, सुई टाळते आहे. म्हणजे अर्जात तथ्य असावे. बाहेर पांढऱ्या केसांच्या कंपाउंडरने गोळ्यांचे पाकीट हातात दिले. मी ते ठाण्यातल्या खणात, अर्जाच्या वर ठेवले. मुद्देमाल म्हणून! गोळी घेण्याचा प्रश्नच नव्हता. वर्दीतल्या माणसाला रक्तदाब बिक्तदाब नसतो, अशी माझी ठाम समजूत होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना मोबाइल वाजला. बाईच्या आवाजात माझे ते खोटे नाव ऐकू आले. राँग नंबर म्हणणार, तेवढ्यात आवाज ओळखला.

"काल तुम्ही आला नाहीत. गोळ्या घेताय ना?"

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"नाही घेतल्यात. बरं. रागवत नाही मी. पण एकशे ऐंशी म्हणजे गंमत नाही. घरी कोण आहे? त्यांना फोन देता का जरा?"

समोर सगळे कर्मचारी उभे आणि मी शाळेतल्या मुलासारखा "येतो, येतो" म्हणत होतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी गुन्हेगारांच्या पळून जायच्या नाना तऱ्हा पाहिल्या. पण पळालेल्या रोग्याला फोन करणारी डॉक्टर कधी पाहिली नव्हती. बोगस माणूस गेलेले गिऱ्हाईक शोधत बसत नाही. गेले तर सुटलो म्हणतो.

खोलीत येऊन खण उघडला, पाकीट काढले. वर बॉलपेनने लिहिले होते, 'चहाअगोदर १'. खाली अर्ज होता. 'सदर बाई चहाअगोदर येते.' अक्षराचे तेच वळण, तोच 'च'चा लांब ओढलेला पाय. घड्याळातली वेळ न लिहिता चहा-जेवणावर वेळ लिहिण्याची ही सवय पुड्या बांधण्यात हयात गेलेल्या माणसाचीच.

मग आजींची 'सोय' आठवली. तडक ओट्यावर गेलो, या वेळी वर्दीत. आजींनी आधी कानांवर हात ठेवले, मग मुकाट्याने पदर सरकवून दंड दाखवला. लालभडक सुजला होता. "कंपाउंडर घराक येवन सुई देता," त्या पुटपुटल्या. "कोणाक सांगू नको हां रे."

कंपाउंडरला ठाण्यात बोलावले. चहा मागवला. खोटे बोलणारा माणूस समोरचा चहा गार होऊ देतो, हा माझा जुना अनुभव. याने तर कपाला हातही लावला नाही. मी अर्ज आणि पाकीट शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणालो, "खरं सांग."

म्हातारा ढसाढसा रडला. "साहेब, पंचवीस वर्षं डॉक्टरांच्या समोर सुया दिल्या. लोक 'काका, दुखू देऊ नका हां' म्हणायचे. बाई आली आणि म्हणाली, सुई बंद. मग माझं काय राहिलं? पुड्या बांधायच्या? लोक मागायचे, म्हणून घरी जाऊन दिली. ती गेली असती ना, तर दुसरा डॉक्टर आला असता. सुईवाला."

राग आला आणि कीवही आली. आजींचा हात थोडक्यात बचावला होता.

त्याच दुपारी परिषदेचे उत्तर आले. डॉक्टरची नोंदणी चोख होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांसह दवाखान्यात गेलो. प्रमाणपत्र तपासणीच्या खोलीत दाराआड टांगलेले होते, कुणाला न दिसणाऱ्या जागी. पाटीबद्दल विचारले, तर ती ओशाळली.

"दसऱ्याला अख्खी वस्ती त्या पाटीला झेंडूचं तोरण बांधते. मी कशी उतरवू? लोकांना वाटेल, डॉक्टर पुन्हा एकदा गेले."

"मॅडम, तुमच्या त्या भिडेपायी आज तुमच्या हातात बेड्या पडल्या असत्या," मी स्पष्ट सांगितले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रोग्यांचे कागद चाळले. जो रोगी परत आला नाही, त्याच्या कागदावर लाल पेन्सिलीची खूण. दर गुरुवारी ती खुणांची नावे घेऊन फोन करायची. ते मला हळूच म्हणाले, "असे कागद आमच्या मोठ्या रुग्णालयातही बघायला मिळत नाहीत हो."

कंपाउंडरवर गुन्हा दाखल केला. त्यात माया दाखवण्याचा अधिकार मला नव्हता. त्याला जामीन मिळाला, खटला चालू आहे, साक्षीला मलाच जायचे आहे. पण डॉक्टर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "निम्म्या रोग्यांचे फोन लागत नाहीत. कोण कुठल्या खोलीत राहतं, हे फक्त काकांना माहीत आहे. सुईला हात लावायचा नाही या अटीवर त्यांना ठेवलं तर चालेल?" ठेवायचे की नाही, हा तिचा प्रश्न होता. ठेवले. आता लाल खुणांच्या घरी काका स्वतः जातात. आजींचा दंड डॉक्टरनेच बरा केला. नव्या पाटीवर डॉक्टरचे स्वतःचे नाव आहे, आणि पुढच्या दसऱ्याला त्या पाटीला पहिले तोरण आजींनी बांधले. सुईवरून मात्र त्या अजून कुरकुरतात.

मी आयुष्यभर दवाखाना जोखला तो बाहेरच्या रांगेवरून. या प्रकरणाने मला शिकवले की रांगेतून निघून गेलेल्या माणसाची तिथे कुणी आठवण ठेवते का, ते बघावे.

मी आता त्याच डॉक्टरचा रोगी आहे, खऱ्या नावाने. मागच्या आठवड्यात दाखवायला जायचे टाळले. सकाळी चहा घेऊन बसलो होतो, तर दारात कंपाउंडर. हातात लाल खुणेचा कागद.

"साहेब, तारीख चुकवलीत. गोळ्या घेताय ना? खरं सांगा."

"घेतो की," मी म्हणालो.

 काका माझ्या कपाकडे बघत राहिले. चहा केव्हाच गार झाला होता. मी निमूट उठलो, चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघालो.