जिथं सरांनाही एकच मत

प्रत्येक मास्तराकडं पोरांच्या फजितीचे किस्से पोत्यानं असतात. कोल्हापुरात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं, माझ्याकडंही तसं पोतं होतंच. रिटायर झाल्यावर मी जोतिबाच्या वाटेवरच्या एका छोट्या शाळेत जायला लागलो. गेल्या तीन वर्षांत तिथं जे साठलं ते मात्र सगळं माझ्याच फजितीचं आहे.

ही शाळा वेगळी. तीस-बत्तीस मुलं, पाच ते पंधरा वयाची. काय शिकायचं, कधी शिकायचं, ते त्यांचं ती ठरवतात. शाळेचे नियम शुक्रवारच्या सभेत ठरतात. तिथं सहा वर्षांच्या पोरीला एक मत आणि मलाही एकच. मुलं मला सर नाही, काका म्हणतात.

*

पहिल्या दिवशी मी खोलीत शिरलो आणि सवयीनं दारातच थांबलो. पोरं उठून उभी राहतील, मग मी ‘बसा’ म्हणेन, अशी वाट बघत. कुणी मान वर केली नाही. मी खाकरलो. तेव्हा चटईवर चित्र काढत बसलेल्या एका चिमुरडीनं बघितलं आणि सरकून जागा केली.

“बसायला जागा न्हाय व्हय? हितं बसा की.”

*

मग मी फळ्यावर लिहिलं : ‘दहा वाजता गणित. सर्वांनी यावे.’ दहाला खडू घेऊन बसलो, अकराला उठलो. कुणी आलं नाही. शाळा चालवणाऱ्या सुमनताई हळूच म्हणाल्या की ‘सर्वांनी यावे’ पुसून ‘ज्याला हवं त्यानं’ लिहून बघा. लिहिलं. तरी दोन आठवडे मी आणि खडू, दोघंच.

तिसऱ्या आठवड्यात दोन मुली आल्या. शाळेतल्या कोंबड्यांना महिन्याला किती खाद्य लागेल, याचा हिशेब त्यांना हवा होता. अर्धा तास काय रंगलो मी! त्रैराशिक असं शिकवलं, की आयुष्यात तसं शिकवलं नव्हतं. आणि त्या आनंदात शेवटी बोलून गेलो, “छान. उद्या यावर टेस्ट घेतो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा मी आणि खडू.

*

एकदा पुण्याहून पाहुणे शाळा बघायला येणार होते. दिवसभर झाडावर असणाऱ्या सोहमला मी सकाळीच गाठलं आणि पाहुणे असेपर्यंत पुस्तक घेऊन बसायला सांगितलं. पोरगं गुणी, बसलं. पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं की काय वाचतोयस.

“वाचत न्हाय. काकांनी धराय सांगितलंय.”

पाहुणे हसले. सुमनताई हसल्या नाहीत.

*

मूळची गारगोटीकडची प्राजक्ता दहा वर्षांची झाली तरी वाचत नव्हती. मला राहवेना. कुणाला न सांगता मी तिच्या वडिलांना फोन केला. ते एसटीत मेकॅनिक. पोरगी वाया जाईल, तिला सरळ नेहमीच्या शाळेत घाला, असं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले.

त्यांनी ते घरी जाऊन मुलीलाच विचारलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती, चिडलेलीही नव्हती.

“मला वाचाय येत न्हाय हे मला म्हायती हाय की, काका. तुम्ही बाबांना सांगितलासा. मला का न्हाय सांगितलं?”

पुढं ती वाचायला शिकली. वडिलांबरोबर स्टँडवर जाऊन, बसच्या पाट्यांवरून. माझ्याकडून नाही.

*

आणि हा या पावसाळ्यातला.

तानाजी म्हणून एक माणूस मुलीला शाळा दाखवायला घेऊन आला. जवळच्याच गावात त्याची दुधाची डेअरी आहे. मला बघून त्यानं ‘सर’ म्हणून नमस्कार केला. शुक्रवार होता, सभा चालू होती. सुमनताईंनी दोघांनाही बसवून घेतलं.

अध्यक्ष होती बारा वर्षांची आफरीन. आमच्या सभेत कुणीही कुणाविरुद्ध तक्रार मांडू शकतो. शेवटी तिनं नेहमीसारखं विचारलं, अजून कुणाची तक्रार आहे का. तानाजीनं हात वर केला.

“जुनी चालंल का?”

“किती जुनी?”

“पंचवीस वर्सं.”

आफरीननं नियमांची वही चाळली. मुदतीचा काही नियम सापडला नाही. तिनं मांडायला सांगितलं.

तानाजी उभा राहिला आणि खालच्या आवाजात सांगायला लागला. सातवीत असताना त्याला फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज घातली होती. ती आली नाही. तेव्हा सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, तुझ्या डोक्यात शेण भरलंय, जा, म्हशीमागं फीर, उगं बाक अडवू नकोस. वर्ग हसला. सरही हसले. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. एवढं सांगून तो मुलीशेजारी खाली बसला.

आफरीन माझ्याकडं वळली. “काका, हे खरं हाय?”

त्याचा हात वर झाला तेव्हाच मला सगळं आठवलं होतं. सातवी ब, खिडकीकडचा तिसरा बाक, त्याच्या हातातला खडूसुद्धा.

मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

आफरीननं वही मिटून मांडीवर ठेवली.

“आठवा सावकाश. आम्ही बसतोय.”