होकाराची वाट

लोबानाचा वास आला की मला ओमानच्या अल अमेरातमधली ती सकाळ आठवते. अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, म्हाताऱ्या वडिलांना सांभाळायचं माझं काम होतं, आणि जपानला जायच्या आशेने मी मोबाइलवर तिथल्या वृद्धसेवेचा क्लास करत होतो. आमच्या बाई बजावायच्या, माणसाला हात लावण्याआधी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या, ‘ओकोशिमास ने’ म्हणा, म्हणजे ‘उठवतो हं’, आणि होकार येईपर्यंत थांबा. सराव म्हणून मी या बाबांना रोज तसंच म्हणायचो. त्यांना जपानी ओ की ठो कळत नसे, पण ते हसून ‘यल्ला’, म्हणजे ‘चल’, म्हणायचे, मग मी पाठीखाली हात घालायचो. त्या दिवशीही पलंगाशी गुडघे टेकून मी म्हटलं आणि थांबलो. सुनेने नुकताच घरभर लोबान फिरवला होता. बाबांचे डोळे अर्धवट उघडे होते. झोपेत असतील म्हणून पुन्हा हळूच म्हटलं, पुन्हा थांबलो. उशाशी ठेवलेला कहवा गार झाला. शेवटी अर्बाब आत आला, वडिलांच्या गालाला हात लावून म्हणाला, “खलास.” शेवटची अंघोळ घरच्यांनीच घालायची म्हणून मला बाहेर काढलं. दार लोटताना दिसलं, बाबांच्या मुलांनी त्यांना एकदम उचललं. उचलतोय म्हणून कुणी सांगितलंच नाही. क्लास मी सोडून दिला. आता दुसऱ्या घरी दुसरे बाबा आहेत. त्यांना मी काही न बोलता उचलतो. विचारलं की उत्तरासाठी थांबावं लागतं.