पडलेली नव्हे, पाडलेली

सकाळी शैलाच्या मेधाचा फोन आला. "मावशी, आई गेली." एवढंच बोलली. फोन तसाच चालू राहिला आणि पलीकडून हॉस्पिटलच्या लिफ्टचा आवाज येत राहिला. मी घाईघाईने किल्ली शोधत होते, तेवढ्यात शाळेच्या जुन्या ग्रुपवर मेसेज आला, ‘आपल्या लाडक्या परब मॅडम आपल्याला सोडून गेल्या.’ त्याखाली जोडलेले हात, पणत्या, गुलाबाची फुलं. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. सोडून गेल्या? शैला कोणाला सोडणारी बाई नव्हती. नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्याला ती सोडत नसे, चुकीचं वाक्य लिहिणाऱ्या पोराला सोडत नसे, आणि तीस वर्षांच्या मैत्रीत माझ्याशी एकही भांडण तिने अर्धवट सोडलं नव्हतं. आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, शांत हो. मी शांत झालेली नाही, आणि मला व्हायचंही नाही.

आम्ही दोघी मालाडच्या एका मराठी शाळेत शिकवायचो. ती मराठी, मी गणित. शैलजा परब हे नाव हजेरीपटावर होतं, आमच्यासाठी शैलाच. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली, लालबागची खोली गेली, आणि पाच जणांचं कुटुंब मालाडच्या चाळीत येऊन राहिलं. नवी नवी ओळख असताना मी एकदा सहज म्हटलं, "तुझ्या बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा तू केवढी होतीस गं?" तिने डबा खाली ठेवला. "बंद पडली नाही, मंगल. बंद पाडली. पडायला ती काय आंब्याची कैरी होती?" मग भाकरी संपवून म्हणाली, "शेजारीपाजारी म्हणायचे, शैलाचा बाप घरी बसलाय. बाबा घरी बसलेले नव्हते गं. बसवलेले होते. आणि त्या दोन शब्दांतला फरक कोणाला कळत नव्हता म्हणून माझ्या बाबांना लोक आळशी समजले..." त्या दिवशी मला समजलं की या बाईचं व्याकरण पुस्तकातून आलेलं नाही.

धातुसाधित विशेषणं हा तसा कंटाळवाणा भाग. केलेलं, गेलेली, बसलेला, अशी क्रियापदांपासून झालेली विशेषणं. बाकीचे शिक्षक तासाभरात उरकायचे. शैला तो आठवडाभर शिकवायची. फळ्यावर जोड्या लिहायची: फुटलेली, फोडलेली. तुटलेली, तोडलेली. पडलेलं, पाडलेलं. "पहिलं आपोआप झालंय. दुसऱ्याच्या मागे कोणीतरी उभं आहे. तो कोण, हे विचारायचं. लाजायचं नाही, विचारायचं." एकदा आठवीच्या वर्गाची काच गेली. मॉनिटर स्टाफरूममध्ये येऊन म्हणाला, "बाई, काच फुटली." शैला तरातरा वर्गावर गेली, मी कुतूहलाने मागोमाग. "फुटलेली आहे की फोडलेली?" ती फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. "मला काचेचं काही पडलेलं नाही. मला वाक्य बरोबर करून हवंय." शेवटच्या बाकावरचा एक पोरगा उठला. "बाई, मी फोडली." तिने मान डोलावली. "बस. आता कर्ता आला वाक्यात." शिक्षा नाही, काही नाही. तो पोरगा आज मरोळला स्वतःचं वर्कशॉप चालवतो. हॉस्पिटलात रक्त द्यायला सगळ्यांत आधी तोच पोचला होता.

रागावली की ती मालवणीवर यायची. मला म्हणायची, "तुमच्या पुस्तकी भाषेत नुसतं ‘केलं’ म्हणून सुटता येतं. आमच्यात ‘केलंय’ म्हटलं की मी, ‘केलंस’ म्हटलं की तू, ‘केल्यान’ म्हटलं की तो. आमचा क्रियापद चोराक लपाक देना नाय." हे सांगताना तिचा चेहरा असा फुलायचा, जसा दुसऱ्या बायकांचा माहेरच्या श्रीमंतीबद्दल बोलताना फुलतो.

आणि मग ती मीटिंग झाली. शाळेच्या संस्थेने सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये बोलावलं. चिटणीस उभे राहून वाचायला लागले, "मराठी माध्यमाचे वर्ग टप्प्याटप्प्याने बंद करण्यात येत आहेत..." शैला उठली. "कोणाकडून?" चिटणीस गडबडले. "मॅडम, निर्णय झालेला आहे." "झालेला नाही. घेतलेला आहे. कोणी घेतला? हात वर करा." समोर खुर्च्यांवर बसलेल्या सात-आठ भल्या माणसांपैकी एकानेही हात वर केला नाही. एक जण मोबाइल पाहत होता. एक जण हसला. त्या हसण्यावर ती जी कडाडली... तसा आवाज मी आयुष्यात पुन्हा ऐकला नाही. "आठवीतल्या पोरात होती तेवढी धमक तुमच्यात नाही!" वर्ग बंद झाले. म्हणजे केले. आमच्यापैकी बहुतेकांनी मान खाली घालून इंग्रजी माध्यमाकडे बदली घेतली. तिने घेतली नाही. राजीनामा देऊन ती घरी आली आणि चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतल्या तिच्या दोन खोल्यांत आजूबाजूच्या पोरांना मराठी शिकवू लागली.

यंदा त्या इमारतीसमोरचा रस्ता खणायला घेतला. खणला आणि ठेवून दिला. फाटकाला लागूनच माणूसभर खोल चर, ना कठडा, ना दिवा; नुसती एक लाल-पांढरी पट्टी, तीही दुसऱ्या दिवशी तुटून लोंबायला लागली. शैला कंत्राटदाराच्या मुकादमाकडे गेली. तो म्हणाला, "काम चालू आहे मॅडम." पुन्हा गेली. "काम चालू आहे." मला फोनवर म्हणाली, "बघ, यांच्या वाक्यातही कर्ता नाही. मेल्यांनू, कोण चालवतंय ते तरी सांगा!" आम्ही दोघी हसलो. त्याच आठवड्यात संध्याकाळी ती क्लासच्या मुलांना फाटकापर्यंत सोडायला खाली उतरली. एक लहान मुलगी कडेने चालली होती, तिला आत ओढायला शैला पुढे झाली आणि कडेची माती खचली. मुलगी वाचली. शैला खाली गेली.

हॉस्पिटलमध्ये मी पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. डोक्याला पट्टी, कंबर मोडलेली. तरुण डॉक्टर नर्सला सांगत होता, "पेशंट खड्ड्यात पडलेली आहे." शैलाने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता, पण धार तीच. "मी पडाक नाय. माका पाडल्यानी." डॉक्टरला काही कळलं नाही. त्याला वाटलं, ती बरळतेय. मला म्हणाला, "आजींना झोपू द्या." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो निघून गेला. दोन दिवसांनी मेंदूत रक्त साकळलं... पुढचं सांगण्यासारखं नाही.

जबाब द्यायला मेधा आणि मी चौकीत गेलो. कंत्राटदाराचा माणूस आमच्या आधीच येऊन बसलेला, समोर चहा. हवालदारांनी लिहिलेलं वाचून दाखवलं, "सदर महिला तोल जाऊन खड्ड्यात पडून मयत झाली." मेधा बँकेत काम करते, हळू बोलते, आईसारखी मुळीच नाही. ती म्हणाली, "मी यावर सही करणार नाही." हवालदार वैतागले. "अहो ताई, काय चुकलंय यात? पडल्याच ना त्या?" "खड्डा कुठून आला?" "म्हणजे?" "खड्डा आपोआप पडला का? कोणी खोदला, कोणी उघडा ठेवला, ते लिहा. नाव घालून." कंत्राटदाराचा माणूस मध्येच बोलला, "मॅडम, दुःख आम्हालाही आहे. पण अपघात घडला..." त्यावर मी काय काय बोलले ते छापता येणार नाही. गणिताच्या बाईंना एवढ्या शिव्या येतात हे मलाही माहीत नव्हतं. मोठे साहेब आतून बाहेर आले. मेधाने त्यांना तेच वाक्य पुन्हा सांगितलं, न ओरडता, आणि टेबलाची कडा घट्ट धरून उभी राहिली. दुपार उलटली. शेवटी नवा कागद घेतला गेला. नाही, साहेबांनी घेतला. त्यावर कंत्राटदाराचं पूर्ण नाव आहे, आणि त्याने खोदून उघड्या ठेवलेल्या खड्ड्यात, असे शब्द आहेत. मेधाने सही केली. केस उभी राहील, पडेल, वर्षानुवर्षं चालेल, मला ठाऊक नाही. मी प्रत्येक तारखेला जाणार आहे. चर मात्र आठवड्यात बुजवला. एवढ्या चटकन बुजवता येत होता तो.

गेल्या रविवारी मेधा आणि मी शैलाच्या घरी गेलो. कपाट आवरायचं होतं, पण दोघी स्वयंपाकघरातच बसून राहिलो. शैलाला चहात आलं लागायचं, तेही किसलेलं नाही, ठेचलेलं. कोणाशी वाजलं की ती दगडी खलबत्ता पुढ्यात ओढायची आणि असं कुटायची की भिंतीपलीकडच्या सावंतकाकू दार उघडून यायच्या. "काय गो, आज कोण?" मग शैला सगळं सांगायची, काकू ऐकायच्या, आणि दोघींचा चहा व्हायचा. मेधा रविवारी तोच खलबत्ता घेऊन खाली बसली. आधी हळू, मग जोरात. आल्याचा पार लगदा झाला तरी तिचा हात थांबेना. ओठ घट्ट मिटलेले, गालांवरून पाणी वाहतंय. मी तिला थांबवलं नाही. दार वाजलं. सावंतकाकू गुडघे धरत, धापा टाकत उंबऱ्यात उभ्या होत्या. "काय गो, आज..." त्यांचं लक्ष मेधाकडे गेलं. मेधाने पदर नव्हता म्हणून बाहीने तोंड पुसलं, सरकून जागा केली, आणि आधणात आणखी एक कप पाणी ओतलं.