बोडीच्या सालीवरचं घर

वैशाखातलं ऊन निघालं तेच चटका देत. वारा पडलेला. रात्री मावळतीकडे नुसतीच वीज लवलवली होती, थेंब नाही. चामोर्शीतल्या भाड्याच्या घरासमोर गुणवंत मेश्राम उकिडवा बसून राजदूत फटफटीचा प्लग घासकागदानं घासत होता. हे रोजचंच. प्लग घासल्याशिवाय गाडी चालू होत नसे, आणि शिव्या दिल्याशिवाय गुणवंतचा हात चालत नसे.

"गाडीले शिव्या देऊन राह्यले का साहेबाले?" भागीरथानं दारातून विचारलं.

"दोघायले," गुणवंत बायकोला म्हणाला आणि लाथ मारून गाडी चालू केली.

गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तेव्हापासून जिकडेतिकडे सरकारी बांधकामं निघाली होती. गुणवंत त्यातलाच एक कनिष्ठ इंजिनियर. बापानं जन्मभर दुसऱ्याच्या धानात चिखल तुडवला, पोरानं नागपुरात चिखलाचं गणित शिकून घेतलं. सध्या त्याच्याकडे चिचटोल्याच्या बाळंतघराचं काम होतं. मागच्या पावसाळ्यात तिथल्या झिंगूची सून बाळंतपणासाठी नेताना तालुक्याच्या वाटेवर, बैलगाडीतच गेली, पोटातल्या लेकरासकट. त्यानंतर गावानं अर्जावर अर्ज केले तेव्हा कुठे ते मंजूर झालं.

जागा मात्र गावानं दिली ती बुजलेल्या बोडीची. धानाला पाणी देणारं जुनं तळं, गाळानं भरलेलं. पिकाची जमीन कोण कशाला देईल? गुणवंतनं तिथं हातानं फिरवायचं गिरमिट घातलं. वर दीड हात टणक साल, उन्हानं विटेसारखी भाजलेली. खाली मात्र बोट रुतेल असा निळसर गाळ. गिरमिट संपलं, गाळ संपला नाही.

असल्या गाळात वेगवेगळ्या पायावरचे खांब वेगवेगळे खचतात आणि भिंती फाटतात. म्हणून त्यानं राफ्ट काढला. सगळ्या घराखाली एकच सलग काँक्रीटचा पाट, सळयांनी विणलेला, मधून जाड तुळया, घराचं ओझं सगळ्या जमिनीवर पसरवणारा. पुस्तकात तो समुद्रकाठच्या मऊ जमिनीसाठी दिला होता. समुद्र गुणवंतनं कधी पाहिला नव्हता. बोडी पाहिली होती, लहानपणी एकदा तिच्यात बुडता बुडता वाचला होता. "झाडीपट्टीत समुद्र कुठून आणलास रे मेश्राम?" म्हणून मोठे साहेब हसले. तो भांडला, नकाशे पुन्हा काढले, पुन्हा भांडला, आणि मंजुरी घेऊनच आला. सगळा हिशोब एका गोष्टीवर उभा होता. वरची साल फोडायची नाही. तिच्यावरच घर तरंगणार.

काल बुद्धपौर्णिमा होती. गुणवंत दिवसभर विहारात होता, साइटवर फिरकला नाही. आज येऊन पाहतो तर बोडीत पुरुषभर खोल खड्डे! खांबांच्या प्रत्येक खुंटीपाशी एक. काठावर निळ्या गाळाचे ढीग, तळाला पाणी झिरपून साचलेलं. आणि कडेला सरपंच बापूराव धोतराचा सोगा सावरत असा उभा, जणू लेकीच्या लग्नाचा मांडव घातला आहे.

"या साहेब, या! काल पुऱ्या गावानं श्रमदान केलं. तुमचा बौद्ध मोहल्लाही विहारातली वंदना झाल्यावर आला. मुरूम लागल्याशिवाय सोडाचं नाई म्हटलं."

गुणवंतची कानशिलं तापली. त्यानं गाडी स्टँडवर लावली नाही, आडवीच टाकली.

"कोनं सांगतलं होतं? कोन्या दीडशहाण्यानं सांगतलं होतं खणाले?"

"तोंड सांभाळून बोला जी." बापूरावाचं हसू मावळलं. "शाळेच्या टायमाले आमी चूप राह्यलो. ठेकेदारानं हातभर पाया घेतला, दुसऱ्या पावसाळ्यात भित पडली. रविवार होता म्हनून पोट्टे वाचले. तुमी त हातभरही खणून नाई राह्यले. जमीन झाडून काढाची आन् फरशी टाकाची! लोकं काय म्हनतीन? साहेबानं पाया खाल्ला म्हनतीन."

"मी? मी पाया खाल्ला?"

गुणवंत चपलांसकट खड्ड्यात उतरला. घोट्यापर्यंत रुतला. दोन्ही हातांनी गाळ उपसला आणि वर येऊन बापूरावाच्या पायाशी फाडकन आपटला.

"लागला का मुरूम? पाहा! हुंगून पाहा! आनखी दोन पुरुष गेले असते तरी हेच लागलं असतं. वरची साल तेवढी कामाची होती, ते तुमी फोडली. चिखलणी झाल्यावर धानाची बांधी सपाट कराले फळी फिरवता ना? फळीवर मानूस उभा राह्यते, बुडते का? आन् तोच मानूस एका पायावर उभा केला त?"

"मांडीवरी रुतते," गर्दीतून कोणीतरी बोललं.

"मंग! मी घराले फळी देऊन राह्यलो होतो. तुमी तिच्या खालची जमीनच भोकं पाडून ठेवली."

गर्दीत रुखमा होती. गावाची सुईण, अर्ध्या गावाची नाळ हिनंच कापलेली. झिंगूच्या सुनेचं डोकं त्या बैलगाडीत हिच्याच मांडीवर होतं. ती पदर खोचून पुढं आली.

"आन् हे आता सांगून राह्यले का, बापा? फळीचं, चिखलाचं? आले, खुंट्या ठोकल्या, ठेकेदारासंगं इंग्रजीत गिटपिट केली आन् फटफटी घेऊन गेले. आमी काय ढोरं हाओ? ही फळी दोन महिन्याआधी दाखवली असती त एका मानसानं कुदळ उचलली नसती."

गुणवंतचा राग तसाच होता, फक्त तो कोणावर काढावा ते त्याला सुचेना.

ठेकेदाराचा मुकादम हळूच कानाशी आला. "लिहून द्या साहेब, गावानं जागा खराब केली. काम दुसऱ्या गावाले जाईन. आपल्यावर काई येत नाई."

ते खरंच होतं. एक चिठ्ठी लिहिली की गुणवंत मोकळा. आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बैलगाडी.

"तुमच्या बापाच्या घरी नेता का काम?" तो मुकादमावर असा ओरडला की मुकादम दोन पावलं मागं सरला. मग त्यानं उगवतीकडे पाहिलं. बोडीचा काठ तिकडे सपाट होत एका बांधीत शिरत होता. ती बांधी बापूरावाची.

"गिरमिट आना."

बांधीत चार ठिकाणी गिरमिट फिरलं. तीच साल, तेवढीच जाड, कुठे फुटलेली नाही.

"बापूराव, घर इथी सरकवावं लागन. हे जागा द्या."

"माझ्या धानात?" बापूराव उसळला. "बोडी दिली ना गावानं! ह्या खड्ड्यायत मुरूम भरा."

"ओल्या गाळात भरलेला मुरूम खचत राह्यते, बाकीची जमीन खचत नाई. राफ्टाची कंबर मोडन."

"मंग मोडू द्या! मी नाई देत."

रुखमा त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "बापू, काल कुदळीले नारळ कोनं फोडला?"

बापूराव धोतराचा सोगा सावरायला लागला.

"पहिली कुदळ कोनं मारली? मोठ्यानं बोल. तुयी मोठी सून सहाव्या महिन्याची आहे. तिले मी गाडीत नाई सोडवणार. सांगून ठेवते, तुये बैल तू हाक आन् बाळंतपण बी तूच कर."

कोणीतरी फिसकन हसलं. बापूरावानं तिकडे डोळे वटारले, मग बांधीकडे पाहिलं. मग पागोटं काढून तोंडाचा घाम पुसला. पुष्कळ वेळ पुसला.

"घ्या," तो गुणवंतकडे न पाहता बोलला. "घ्या एकदाची. पन भेग पडली ना साहेब, त तुमाले त्याच राफ्टाखाली गाडीन."

"गाडा. पन साल फोडू नका."

दुपार कलेपर्यंत बांधीत नव्या खुंट्या उभ्या राहिल्या. या वेळी प्रत्येक खुंटी ठोकताना गुणवंत काय करतो आहे ते ओरडून सांगत होता, सुटी न मिळालेल्या मास्तरासारखा चिडून, आणि लोकही तितक्याच चिडून प्रश्न विचारत होते. त्याचं मन अजून निवलं नव्हतं. मोठ्या साहेबांपुढे नवा नकाशा घेऊन उभं राहायचं होतं, आणि समुद्राचा तो विनोद पुन्हा ऐकायचा होता. पावसाच्या आत काँक्रीट पडायलाच पाहिजे. रुखमा बांधावर बसकण मारून कुदळवाल्यांवर नजर ठेवून होती.

निघताना राजदूतला लाथ मारली. नाही. पुन्हा मारली. सकाळी आडवी टाकली होती, चालू होईल कशी? गुणवंतनं तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, गाळानं माखलेले हात पँटला पुसले, डिक्कीतून घासकागद काढला आणि मोहाच्या झाडाच्या सावलीत उकिडवा बसून प्लग घासायला लागला.