दुखत नव्हतं म्हणून

माझा राग आधी आईवर निघाला, कारण समोर तीच होती. सुट्टीला शिरूर कासारला आले होते. न्हाणीत लालसर डाग दिसला, म्हणून तिला विचारलं.

"तुज्या दादांना उन्हाळी लागलीय, तांबडं जातंय," ती म्हणाली. "दिवाळीपासनं येती, जाती. धने-जिऱ्याचं पाणी देतेय की."

"दिवाळीपासून? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"दुखत न्हाई म्हणाले, मग कशापायी सांगायचं? आन् तसलं लेकीला कसं सांगावं?"

तसलं! मी पोटासाठी काय करते हे तिला ठाऊक होतं. शहरातल्या प्रयोगशाळेत मी मूत्राशयाच्या कर्करोगावर काम करते. अनोळखी माणसांची लघवी बाटल्यांतून येते, ती मी यंत्रात गरागरा फिरवते आणि पेशींनी सोडलेल्या बारीक पुड्या तिच्यातून वेगळ्या काढते. परक्यांच्या लघवीवर माझा पगार निघतो आणि माझ्या बापाची, दादांची, लघवी माझ्यापासूनच लपवली जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शास्त्राच्या माणसाला शोभत नाही, पण मला त्या पुड्यांचाही राग येतो. निरोगी पेशीही पुड्या सोडतात. शेजारणीला निरोप धाडायची ती त्यांची रीत. कर्करोगाची पेशी नेमकी तीच रीत वापरते. पुडीत आरएनएचे तुकडे भरते. त्यातल्या कितीतरी तुकड्यांपासून प्रथिन बनतच नाही, म्हणून एके काळी लोक त्यांना कचरा समजत. कचरा कसला! ते शेजारच्या भल्या पेशीत शिरतात आणि तिला फितवतात. गाठीला पोसायला नव्या रक्तवाहिन्या उगवतात, शरीराचे पहारेकरी थंडावतात. गाठ अजून जागची हललेलीही नसते, तोवर पुढची जागा तिच्यासाठी सारवून तयार असते. आणि हे सगळं बिनबोभाट.

आमच्या आळीत काय वेगळं चाललं होतं? एकीने सब्जा आणून दिला, दुसरीने वाळा. सगळ्यांनी मिळून दादांना पटवलं, की ही ट्रॅक्टरच्या इंजिनाची गर्मी आहे. दादांचा जन्म उसाचा ट्रॅक्टर चालवण्यात आणि विड्या ओढण्यात गेलेला, त्यांना ते लगेच पटलं. सगळी भली माणसं. त्या भलेपणाचीच मला चीड आली.

"उद्या शहरात चला," मी दादांना म्हणाले.

ते भिंतीकडे बघत म्हणाले, "कारखान्याचा हंगाम संपू दे."

मी आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडले. आळीला ऐकू गेलं असेल, जाऊ दे.

डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. गाठ मूत्राशयाच्या स्नायूत उतरली होती. लवकर आणलं असतं तर कदाचित आतून खरवडून भागलं असतं, असं ते म्हणाले. आता मूत्राशयच काढावं लागलं. या पुड्यांवरून रोग वेळेत ओळखता यावा म्हणून आम्ही झटतो, पण बाटलीच आली नाही तर यंत्रात काय फिरवू, डोंबल?

आता दादांच्या पोटावर लघवीची पिशवी असते. घरी आल्यापासून ते भर उन्हातही अंगावर शाल ओढून बसायचे. पिशवी बदलतानाही मला बाहेर काढायचे आणि मी दाराबाहेर दात-ओठ खात उभी राहायची.

परवा शेजारची काकू आली. सब्जा उरलाय का, असं तिने आईला विचारलं. तिच्या मालकांना उन्हाळी लागली होती.

"लघवी तांबडी होते का?" मी विचारलं.

"व्हती की. पण दुखत न्हाई म्हणतेत."

माझ्या तोंडाशी शिवीच आली होती. तेवढ्यात बाजेवरून दादांनी शाल बाजूला टाकली आणि सदरा वर केला. पिशवी अर्धी भरलेली होती. काकूने पदर तोंडाशी धरून मान फिरवली.

"बघ की," दादा म्हणाले. "मला बी दुखत नव्हतं. लाज मातर लई वाटत व्हती."