बैलाच्या कष्टाविना

चिपळूणहून निघालेल्या सर्व्हिस मोटारीने मला संगमेश्वराला उतरवलं, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. तिथून देवरुखाकडच्या डोंगरात सासूबाईंच्या गावापर्यंत पायवाट. भाद्रपदात सगळं कोकण गणपतीसाठी घरी येतं; मी मात्र पुण्याहून एका भाजीसाठी आलो होतो, आणि हे कोणाला सांगणार? वाटेत मुंबईहून आलेला एक चाकरमानी सोबतीला मिळाला.

"कोणाकडं जाताव?"

"सासुरवाडीला."

"मंडळी नाय आणलीत?"

"नाही," मी म्हणालो.

माझी बायको सुलोचना गेल्या पौषात वारली. ऋषिपंचमीला ती बैलाच्या कष्टाचं काही खात नसे. पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या घरामागे मोरीपाशी आपोआप उगवलेलं अळू आणि घोळ खुडून ती भाजी करी. पहिला घास घेऊन म्हणे, "जमली नाही." मी म्हणे, "छान झालीय की." दरवर्षी हेच. यंदा पंचमी जवळ आली तसं घर खायला उठलं. ती चव तिच्या माहेरी तरी मिळेल, या आशेने मी निघालो.

सासूबाई एकट्याच होत्या. त्यांच्या मुलाला गिरणीतून रजा मिळाली नव्हती. पंचमीच्या सकाळी त्या टोपली घेऊन निघाल्या, तसा मीही मागे लागलो. शेजारणी तोंडाला पदर लावून हसल्या. जावई भाजी खुडायला निघालेला त्यांनी कधी पाहिला नसावा.

भातखाचराच्या कडेला कोवळा कुरडू दिसला. मी ऐटीत ओंजळभर खुडून टोपलीत टाकला. सासूबाईंनी तो उचलून खाचरात फेकून दिला.

"हितं नांगर फिरलाय, जावईबापू. बैलाचा घाम हाय त्येच्यात. आज चालायचा नाय."

मग त्यांनी मला गडग्यापाशी (जांभ्या दगडाच्या कुंपणापाशी) नेलं. दगडांच्या फटीत तेरं (रानातलं अळू) माजलं होतं. पलीकडच्या उतारावर भारंगीची कोवळी पानं मिळाली. झाडाखाली पडलेले आंबाडे, ती आंबट फळं, वेचताना मी शेवाळावरून सपशेल घसरलो. त्यांनी हातातली काठी तेवढी पुढे केली. घरी येईपर्यंत अळूने हात खाजून लाल झाले. त्यांनी आमसुलं चोळायला दिली.

दुपारी पानावर हातपेराच्या वरीचा भात आणि बिनतेलाची भाजी आली. आंबाड्यांनी आंबटगोड झालेली, हिरव्या रानाचा वास असलेली. भाजी उत्तम होती. पण मी जिच्यासाठी आलो होतो ती ही नव्हती. मी हळूहळू जेवत राहिलो.

"सुली काय घालायची आंबटाला?" सासूबाईंनी विचारलं.

"चिंच."

त्यांनी माझ्या पानात आणखी भाजी वाढली. "आंबाडं कुठनं मिळणार तिकडं? लगीन झाल्यापासून पंचमीला हिकडं आली नाय ती. उन्हाळ्यात यायची नि इचारायची, आये, तुज्यासारखी का नाय जमत?"

दरवर्षी ती ‘जमली नाही’ म्हणे. मला वाटे, ती उगाच आढेवेढे घेते, कौतुक करून घ्यायला. ती पुण्यात बसून या पानासाठी झुरत होती, आणि मी या पानावर बसून तिच्या भाजीसाठी झुरत होतो.

"जमली का?" सासूबाईंनी विचारलं.

"जमली," मी म्हणालो. मला रडू आलं, त्यांनाही. मी ते लपवलं नाही, आणि त्यांनीही नाही.

निघताना त्यांनी फडक्यात आंबाडे बांधून दिले. मोटारीत ते मांडीवर घेऊन बसलो. घाट चढताना पावसाने बाहेरचं काही दिसेना.

पुण्याला पोचलो तर मोरीपाशी अळूची पानं हातभर झाली होती. आंबाडे मी तसेच ठेवले. घोळ खुडली, अळू चिरलं, डब्यातली चिंच भिजत घातली आणि चूल पेटवली. चिंच कमी पडली असावी. पहिल्याच घासाला अळू घशाला लागलं.

"जमली नाही," मी मोठ्याने म्हणालो आणि उत्तरासाठी थांबलो. छान झालीय की, असं म्हणायला घरात दुसरं कोणी नव्हतं.